कडाक्याच्या थंडीत हीट पंप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की बॉस्टन, शिकागो, मिनियापोलिस, टोरांटोकडच्या मराठी घरांतून हे प्रश्न सुरू होतात. कुणाचं फर्नेस (गॅस किंवा तेल जाळून घर तापवणारी भट्टी) वीस वर्षांचं झालेलं असतं, कुणी ऑइलच्या बिलाला वैतागलेलं असतं, तर कुणाला शेजाऱ्याने सांगितलेलं असतं की इथल्या थंडीत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घरात आणणारं विजेचं यंत्र, टिकत नाही. घरांची हीटिंगची कामं बघणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे उत्तरं जरा सविस्तर आहेत आणि काही ठिकाणी माझी मतंही आहेत.

बाहेर उणे १५ असताना हवेत उष्णता असतेच कुठे?

असते, आणि भरपूर असते. उणे १५ सेल्सिअस आपल्याला असह्य होतं, पण उष्णतेचा खरा तळ उणे २७३ अंशांवर आहे. घरातला फ्रीजर उणे १८ ला चालतो. त्याच्या बाजूच्या किंवा मागच्या पत्र्याला हात लावून बघा, कोमट लागेल. त्या उबेतला बराचसा भाग आत ठेवलेल्या मटारच्या पाकिटांतून काढलेला असतो, उरलेला कॉम्प्रेसरच्या विजेचा.

हीट पंपाच्या बाहेरच्या कॉइलमध्ये जो गॅस फिरतो तो साध्या हवेच्या दाबाला उणे ५० च्या आसपास उकळतो. त्याच्या दृष्टीने उणे २५ ची हवासुद्धा गरमच. त्या हवेतून उष्णता घेऊन त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबली की ती तापते आणि आतल्या कॉइलमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. पुण्या-मुंबईचा स्प्लिट एसी हेच काम उलट्या दिशेने करतो. इथलं यंत्र उन्हाळ्यात एसी आणि हिवाळ्यात हीटर होतं, त्यासाठी आत एक दिशा बदलणारा व्हॉल्व्ह असतो.

साधा विजेचा हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो, त्याहून जास्त देऊच शकत नाही. हीट पंप एका युनिटात दोन, तीन, कधी चार युनिटं उष्णता आत आणून टाकतो, कारण ती तयार करायची नसते, फक्त उचलून आणायची असते. या आकड्याला सीओपी म्हणतात. पुढे हा शब्द बऱ्याचदा येईल.

मग "थंडीत हीट पंप चालत नाही" असं सगळे का म्हणतात?

कारण एके काळी ते खरं होतं. जुन्या हीट पंपांचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने फिरायचा. बाहेर थंडी वाढली की वाफ विरळ होते, तेवढ्याच फेऱ्यांत कमी गॅस पुढे ढकलला जातो आणि घराला सर्वांत जास्त ऊब हवी असते नेमकी तेव्हाच यंत्राची ताकद घसरते. मग डक्टमधले (घरभर हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांमधले) विजेचे हीटर चालू व्हायचे आणि बिल बघून घरमालक हबकायचा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी हे भोगलं, त्यांच्या तोंडून ही गोष्ट आजही फिरते आहे. बरेच जुने कॉन्ट्रॅक्टर त्यांच्यातलेच.

आता दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे इन्व्हर्टर, जो भारतातल्या एसींमध्येही घरोघरी पोचला आहे. गरज वाढली की कॉम्प्रेसर वेग वाढवतो, कमी झाली की मंद चालतो. दुसरी म्हणजे थंड प्रदेशांसाठीच्या मॉडेलांमध्ये दाबण्याच्या मधल्या टप्प्यावर थोडी जास्तीची वाफ सोडतात. त्यामुळे कॉम्प्रेसर प्रमाणाबाहेर तापत नाही आणि कडाक्याच्या थंडीतही ताकद टिकते.

नक्की किती अंशांपर्यंत चालतो?

थंड प्रदेशासाठी बनवलेली बरीचशी मॉडेलं उणे २५ सेल्सिअसपर्यंत, म्हणजे उणे १३ फॅरनहाइटपर्यंत चालतात, काही त्याच्याही खाली. पण हा आकडा विचारून फारसं काही कळत नाही. "चालतो" याचा अर्थ बंद पडत नाही, एवढाच. तुमच्या घराला पुरेल इतकी उष्णता तो त्या तापमानाला देतो का, हे त्यात येत नाही.

सीओपीचा अंदाज असा धरा. बाहेर ८ सेल्सिअस असताना साडेतीन ते चार, उणे ८ ला अडीचच्या आसपास, उणे १५ ला दोन, उणे २५ ला दीड. २०२३ साली 'जूल' या संशोधन-पत्रिकेत प्रत्यक्ष घरांतल्या मोजमापांचा एक आढावा आला होता. त्यात ५ ते उणे १० सेल्सिअस या पट्ट्यात सरासरी सीओपी २.७४ निघाला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने थंड प्रदेशांसाठी कंपन्यांपुढे जे आव्हान ठेवलं, त्यात ५ फॅरनहाइटला म्हणजे उणे १५ सेल्सिअसला पूर्ण ताकद आणि २.१ ते २.४ सीओपी अशी अट होती.

यातला "पूर्ण ताकद" हा भाग महत्त्वाचा. ब्रोशरवर छापलेला आकडा ४७ फॅरनहाइटचा, म्हणजे सव्वाआठ सेल्सिअसच्या गुलाबी थंडीतला असतो. तीन टनाचं साधं यंत्र तिथे तासाला ३६,००० बीटीयू (उष्णतेचं इथलं माप) देतं, पण ५ फॅरनहाइटला तेच २२,००० वर येऊ शकतं. थंड प्रदेशाचं चांगलं मॉडेल तिथेही ३६,००० च्या जवळपास राहतं. दोन्ही डब्यांवर "३ टन" असंच लिहिलेलं असतं.

नॉर्वेत घरोघरी हीट पंप आहेत म्हणे. मग इथेच एवढी चर्चा कशाला?

नॉर्वेत साधारण ६० टक्के घरांत हीट पंप आहे हे खरं. स्वीडन आणि फिनलंडही फार मागे नाहीत. फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि हीट पंप दहा लाखांच्या वर. नॉर्वेने १ जानेवारी २०२० पासून इमारती तापवायला खनिज तेल जाळण्यावर बंदीच घातली.

पण हे उदाहरण जसंच्या तसं उचलू नये. नॉर्वेची बहुतेक वस्ती किनाऱ्यालगत आहे आणि बर्गनचा हिवाळा मिनियापोलिसपेक्षा कितीतरी सौम्य असतो. त्यांची वीज मुख्यतः धरणांतून येते, आणि घरात लाकडाची शेगडी किंवा विजेचे रेडिएटर आधीपासून असतात. हीट पंप रोजचं काम करतो, फारच गारठा पडला की शेगडी पेटते.

मला जवळचं उदाहरण वाटतं ते अमेरिकेतल्या मेन राज्याचं. गरीब ग्रामीण भाग, जुनी लाकडी घरं, आणि निम्म्याहून जास्त घरं तेलावर तापणारी. गव्हर्नर जॅनेट मिल्स यांनी २०१९ मध्ये २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचं लक्ष्य ठेवलं, ते २०२३ मध्येच पूर्ण झालं. राज्याची लोकसंख्या जेमतेम चौदा लाख. हा काही श्रीमंतांचा शौक नव्हता, तेलाचा खर्च परवडत नव्हता म्हणून लोकांनी यंत्रं बसवली.

आमच्या घराला किती टनाचा लागेल?

फोनवर कुणी "दोन हजार स्क्वेअर फूट का? मग चार टन" असं सांगितलं तर नमस्कार करून फोन ठेवा.

आधी घर मोजायचं. भिंतींत इन्सुलेशन किती, पोटमाळ्यावर किती, खिडक्या कुठल्या दिशेला, हवा कुठून गळते. यावरून उष्णतेची गरज काढायच्या पद्धतीला इथे मॅन्युअल जे म्हणतात. त्यात तुमच्या गावचं "डिझाइन तापमान" धरतात, म्हणजे हिवाळ्यातले मोजके तास सोडले तर थंडी ज्याच्या खाली जात नाही ते तापमान. मिनियापोलिसला ते उणे १० फॅरनहाइटच्या आसपास आहे, बॉस्टनला शून्याच्या बरंच वर.

विक्रमी थंडी धरून यंत्र घेऊ नका. ३० जानेवारी २०१९ ला मिनियापोलिसमध्ये पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला होता. ४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे बॉस्टनला उणे १० होतं. अशा रात्री वर्षानुवर्षांतून एखाद्या. त्या एका रात्रीसाठी दीडपट मोठं यंत्र घेतलं तर उरलेला हिवाळाभर ते चालू-बंद, चालू-बंद करत राहील, वीज जास्त खाईल आणि उन्हाळ्यात घरातली दमट हवा नीट काढणार नाही. त्या रात्रीसाठी विजेची छोटी हीटर स्ट्रिप किंवा जुनं फर्नेस पुरतं.

आणि यंत्राआधी भोकं बुजवा. दारात पंखा लावून घरातली हवा ओढतात आणि गळती मोजतात, ती ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या. ती चालू असताना पोटमाळ्याच्या झाकणाशी, छतात बसवलेल्या (रिसेस्ड) दिव्यांपाशी, तळघरात पायाच्या भिंतीवर लाकूड टेकतं तिथे नुसता तळहात धरून फिरलं तरी थंड हवेची धार कळते. ही गळती बंद केली की बऱ्याच घरांत यंत्र एक आकार लहान चालतं. कॉन्ट्रॅक्टर हे स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यांना सिलिकॉनच्या नळ्या विकायच्या नसतात.

बिल कमी येईल का?

तुम्ही आज काय जाळता त्यावर आहे. हिशेब सोपा आहे, स्वतः करा. वीजदराला सीओपीने भागलं की एक युनिट उष्णतेचा भाव मिळतो.

समजा मॅसॅच्युसेट्समध्ये वीज ३० सेंट युनिट आहे आणि हिवाळ्याचा सरासरी सीओपी २.७. मग हीट पंपाची उष्णता ११ सेंटला पडली. विजेचे बेसबोर्ड (भिंतीच्या पायथ्याशी बसवलेले हीटर) असतील तर आज तुम्ही तीच ३० सेंटला घेताय, तेव्हा विचारही करू नका, बदला. एका गॅलन हीटिंग ऑइलमध्ये साधारण ४०.६ युनिट उष्णता असते. चार डॉलर गॅलन आणि ८५ टक्के कार्यक्षमतेचा बॉयलर धरला तर साडेअकरा सेंट, म्हणजे जवळपास बरोबरी. प्रोपेन साडेतीन डॉलर गॅलन धरला तर १४ सेंट, तिथे हीट पंप स्वस्त. आणि पाइपने येणारा नॅचरल गॅस दोन डॉलर थर्म (गॅस मोजायचं इथलं माप) असेल, नवं ९५ टक्क्यांचं फर्नेस असेल, तर सव्वासात सेंट. तिथे हीट पंप हरतो.

मिनेसोटात वीज स्वस्त, पण गॅस त्याहून स्वस्त, म्हणून निकाल तोच. त्यामुळे ज्यांच्या घरी नॅचरल गॅसचं चांगलं फर्नेस आहे त्यांना मी "पैसे वाचतील" असं सांगत नाही. एसी बदलायचाच आहे तर एसीऐवजी हीट पंप बसवा, हे मात्र आवर्जून सांगतो. दोन्हींच्या किमतीतला फरक थोडा असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, मार्च-एप्रिलच्या सौम्य थंडीत सीओपी साडेतीनच्या वर असताना तो गॅसच्या जवळ येतो.

वीज कंपनीकडे हीट पंपाचा वेगळा दर आहे का, ते जरूर विचारा. मॅसॅच्युसेट्समध्ये हिवाळ्यापुरता कमी दर सुरू झाला आहे, आणि मिनेसोटातल्या काही वीज सहकारी संस्था दुहेरी इंधनाच्या घरांना स्वस्त वीज देतात. हे दर आपोआप लागतीलच असं नाही, बिल तपासून पाहा, नसेल तर अर्ज करा.

गॅस फर्नेस काढून टाकू की ठेवू?

चालू स्थितीत असेल आणि मिनियापोलिस किंवा विनिपेगसारख्या ठिकाणी राहत असाल, तर ठेवा. याला ड्युअल फ्युएल म्हणतात. ठरावीक तापमानापर्यंत हीट पंप, त्याखाली फर्नेस. ते तापमान थर्मोस्टॅटमध्ये घालायचं असतं, आणि इन्स्टॉलर सवयीने ३५ फॅरनहाइट घालून निघून जातात. म्हणजे इतकं महागाचं यंत्र जेमतेम नोव्हेंबरपर्यंत वापरायचं! वरचा हिशेब करून आकडा स्वतः ठरवा. हिशेब बसत असेल तर चांगल्या यंत्राला १० किंवा ५ फॅरनहाइटपर्यंत खुशाल चालू द्या.

आई-बाबा पुण्याहून आलेत आणि म्हणतात हवा गारच येते. बिघडलाय का?

बहुतेक नाही. फर्नेसची हवा जाळीतून ५० ते ६० सेल्सिअसची येते, हीट पंपाची ३२ ते ४० ची. त्वचेचं तापमान तेहतीस-चौतीसच्या घरात असतं. त्यामुळे जाळीवर हात धरला की वारा लागतो, ऊब जाणवत नाही. खोलीचं तापमान बघा. ७० फॅरनहाइट दाखवत असेल तर यंत्र ठीक आहे. आई-बाबांची खुर्ची जाळीच्या झोतातून हलवा.

खरी गंमत पुढे होते. बाबा थर्मोस्टॅट ६८ वरून एकदम ७६ ला नेतात. यंत्राला वाटतं घर फार मागे पडलंय, आणि ते मदतीला विजेची स्ट्रिप चालू करतं. १० किलोवॅटची स्ट्रिप ३० सेंटच्या दराने तासाला तीन डॉलर खाते. पडद्यावर "ऑक्स" अशी अक्षरं दिसली की समजा मीटर पळतोय. ७६ हवं असेल तर द्या, त्यांना खरंच थंडी वाजते, पण तासाला एक-दोन अंश असं चढवा. "इमर्जन्सी हीट" हे बटण मात्र त्यांना दाखवूच नका. त्याने हीट पंप बंद होतो आणि घर फक्त स्ट्रिपवर चालतं.

रात्री तापमान कमी करून सकाळी वाढवावं का?

फर्नेसला ते ठीक होतं. हीट पंपाला एकाच तापमानाला मंद आचेवर चालू राहणं मानवतं. दोन-तीन अंश फरक चालेल, दहा नको.

बाहेरच्या युनिटमधून धूर निघतो आणि आतून गार हवा येते. घाबरू का?

धूर नाही, वाफ आहे. बाहेरची कॉइल हवेपेक्षा थंड असते, म्हणून हवेतला ओलावा तिच्यावर हिमासारखा बसतो. थर जाड झाला की हवा जात नाही. मग यंत्र काही मिनिटं दिशा उलटी करतं, गरम गॅस बाहेर पाठवतं, बर्फ वितळतं आणि वाफेचा ढग उठतो. व्हॉल्व्ह बदलताना "हुस्स्" असा मोठा आवाज येतो, पंखा थांबतो, आणि बाहेर बघणाऱ्याला वाटतं आग लागली. पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत.

हे सर्वांत जास्त होतं ते शून्याच्या आसपासच्या दमट, चिकचिकीत दिवसांत. उणे २० ला हवा इतकी कोरडी असते की हिम कमी धरतं.

वितळलेल्या पाण्याचं काय होतं, इकडे मात्र लक्ष हवं. ते खालच्या तळपत्र्यात साचून गोठलं तर बर्फाचा ठोकळा वर वाढत पंख्याच्या पात्यांना लागतो. मग जो खडखडाट होतो तो ऐकला की विसरत नाही. म्हणून थंड प्रदेशात तळपत्र्याला हीटर असलेलं मॉडेल घ्या. युनिट जमिनीवर न ठेवता लोखंडी स्टँडवर, नेहमीच्या बर्फाच्या थरापेक्षा वर बसवून घ्या. छपराच्या पागोळ्यांखाली अजिबात नको. वादळानंतर चारही बाजूंनी फूट-दोन फूट बर्फ काढा. कॉइलवरचा बर्फ फावड्याने किंवा सुरीने खरवडू नका, पातळ पत्रे वाकतात आणि नळीला भोक पडलं तर सगळा गॅस जातो.

भिंतीवरचे मिनी-स्प्लिट घ्यावेत की डक्टचं युनिट?

चांगले डक्ट असतील तर डक्टचं. पण ते फर्नेसच्या कडक गरम हवेच्या मापाने अरुंद बांधलेले असतात आणि हीट पंपाला टनामागे सुमारे ४०० घनफूट हवा दर मिनिटाला लागते. डक्ट मोजून घेतले नाहीत तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि लांबच्या बेडरूमला काही पोचत नाही.

न्यू इंग्लंडच्या जुन्या घरांत गरम पाण्याचे रेडिएटर असतात. ते १८० फॅरनहाइटच्या पाण्यासाठी बनवलेले, आणि हवेवरून पाणी तापवणारे बहुतेक पंप १३० च्या आसपास थांबतात. तिथे मिनी-स्प्लिट सोयीचे.

मराठी घरांसाठी खास सूचना : भिंतीवरचं युनिट ओट्याच्या समोर लावू नका. फोडणीची वाफ ते ओढून घेतं, जाळीवर तेलाचा पिवळसर थर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि दोन महिन्यांत हवा अर्धी होते. वर बैठकीच्या खोलीत हिंग-मोहरीचा वास मुक्कामाला. जाळी काढून कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, वाळवून लावा. आणि खिडकीतली तुळस झोताखाली असेल तर हलवा, बिचारी आठवड्यात वाळते.

जमिनीखालचा हीट पंप जास्त चांगला ना?

यंत्र म्हणून हो. खोल जमीन वर्षभर ८ ते १२ सेल्सिअसला असते, त्यामुळे जानेवारीतही सीओपी फारसा पडत नाही. पण शंभर-दीडशे मीटर खोल बोअर घ्यावे लागतात आणि खर्च दुप्पट-तिप्पट होतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारची ३० टक्के करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, हवेवरच्या पंपांचीही संपली. आता राज्याच्या आणि वीज कंपनीच्या योजना बघायच्या.

यंत्रात फिरणारा नवा गॅस ज्वलनशील आहे म्हणतात?

किंचित. २०२५ पासून अमेरिकेत घरगुती यंत्रांमध्ये आर-४१०ए या जुन्या गॅसच्या जागी आर-३२ किंवा आर-४५४बी आले. हवेत सुटला तर जुना गॅस कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो, आर-३२ त्याच्या साधारण एक तृतीयांश. भारतात आर-३२ चे एसी कित्येक वर्षं भिंतींवर लटकताहेत. जोडणी नीट करणारा माणूस बघा, बाकी काळजी नको.

वीज गेली तर?

हीट पंप बंद. पण तुमचं गॅस फर्नेसही बंदच पडतं, त्याचा पंखा विजेवरच चालतो. जिथे बर्फाच्या वादळात दोन-दोन दिवस वीज जाते तिथे लाकडाची शेगडी किंवा जनरेटर हवाच, यंत्र कुठलंही असो.

डिसेंबरात पाच आठवडे भारतात जातोय. बंद करून जाऊ का?

नका. ५५ ते ६० फॅरनहाइटवर ठेवून जा. पाण्याचा मुख्य नळ बंद करा आणि नळ उघडून पाइप रिकामे करा. मात्र तुमचं हीटिंग गरम पाण्याचं असेल तर आधी प्लंबरला विचारा. बाहेरच्या युनिटचा ब्रेकर पाडू नका, कॉम्प्रेसरच्या तळाला एक छोटा हीटर असतो, तो तेलात गॅस मिसळू देत नाही. ब्रेकर पडलेला सापडलाच तर चढवून काही तास तसंच राहू द्या, मग यंत्र सुरू करा. तापमान ५० च्या खाली गेलं तर फोनवर निरोप येईल असा थर्मोस्टॅट असेल तर उत्तम. आणि एक किल्ली शेजाऱ्याकडे द्या, वादळ झालं तर युनिटभोवतीचा बर्फ काढायला कुणीतरी लागेल.